चाळीसगावचा टांगा, पातूरची ट्रॉली



चाळीसगावचा टांगा कोण हाकत होता, असा प्रश्न मी शिबिरात पोरांना विचारत असतो. बाबासाहेब टांग्यातून पडले, पाय मोडला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टांगेवाल्यांनी महाराला बसवायला नकार दिला, हेही ठाऊक असतं. पण मग लगाम कोणाच्या हातात होता? पोरं एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात. एखादा म्हणतो, टांगेवालाच असंल. दुसरा म्हणतो, मुद्दाम पाडलं असंल. खरं उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. कारण खरं उत्तर असं आहे की, लगाम आपल्याच माणसाच्या हातात होता.

बाबासाहेबांनी त्याचं नाव लिहिलेलं नाही. इतिहासात तो नुसता 'हाकणारा' आहे. हा लेख त्या हाकणाऱ्याबद्दल आहे. त्याला दोष द्यायला मी बसलेलो नाही. तोच गुन्हा मी स्वतः करून बसलोय, ते पुढं सांगतो. पण गाडी हाकणं, आणि त्याहून अवघड म्हणजे भरली गाडी मागं घेणं, ह्या साध्या हुन्नराचा आपल्या मानापमानाशी काय संबंध आहे, ते एकदा उकरून पाहिलं पाहिजे. आपण इतिहास म्हणतो तेव्हा महाड म्हणतो, काळाराम म्हणतो, नागपूर म्हणतो. ते म्हटलंच पाहिजे. पण लगाम, स्टेरिंग, क्लच, ब्रेक ह्यांचाही एक इतिहास आहे, आणि त्यात आपण बहुतेक वेळा गाडीच्या मागं उभे आहोत.

१

आधी हकिगत नीट समजून घेऊ. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या हालाची चौकशी करायला स्टार्ट ह्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्या कामावर ते खानदेशात होते. मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे लायनीवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता आणि त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावची माणसं स्टेशनावर आली आणि म्हणाली, एक रात्र आमच्याकडं राहा. बाबासाहेबांचा बेत तसा नव्हता, पण त्यांना नाही म्हणवेना. त्या गावी जाऊन, चौकशी करून ते पुढच्या गाडीनं चाळीसगावला परत आले.

स्टेशनापासून महारवाडा दोन फर्लांग. म्हणजे आजच्या हिशेबानं चारशे मीटर. पायी पाच मिनिटांची वाट. पण आपला बॅरिस्टर, आपला पुढारी, त्याला पायी न्यायचं? लोकांच्या मनाला ते पटेना. स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ उभे होते. एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवून आपण हाकायचं म्हणजे त्याच्या लेखी खाली उतरणं होतं. तासभर बाबासाहेब नुसते थांबून राहिले. कशासाठी थांबलोय हे त्यांना कोणी सांगितलं नाही. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्यानं देतो, हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही पाहा.

आपल्या लोकांना ही तडजोड मोठी सोयीची वाटली. टांगा मिळाला, मान राहिला. आता हाकणार कोण? त्यांच्यातल्या कोणालाच टांगा हाकता येत नव्हता, कारण तो त्यांचा धंदाच नव्हता. एक जण पुढं झाला. ह्यात काय आहे, असं म्हणून त्यानं लगाम हातात घेतला.

दोनशे पावलं गेले नाहीत तोच समोरून मोटार आली. टक्करच व्हायची, पण पोलिसानं मोठ्यानं ओरडून सांगितलं आणि मोटारवाल्यानं आपली मोटार मागं घेतली, म्हणून वाचले. हे वाक्य वाचताना मी दर वेळी थांबतो. त्या रस्त्यावर त्या घटकेला एकाच माणसाला गाडी मागं घेता येत होती, आणि तो आपला नव्हता.

पुढं नदीवरचा फरशीपूल होता. त्याला कठडे नव्हते, नुसते कडेला अंतराअंतरानं दगड रोवलेले. रस्त्यावरून पुलावर यायला काटकोनात वळावं लागत होतं. तिथं घोडा बुजला आणि उधळला. चाक कडेच्या दगडावर असं आदळलं की बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर फेकले गेले, आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. ते बेशुद्ध पडले. पायाचं हाड मोडलं. कित्येक दिवस अंथरुणाला खिळले.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नावानं ते टिपण १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं गेलं आणि १९९३ साली सरकारनं काढलेल्या ग्रंथमालेच्या १२ व्या खंडात आलं. ते वाचताना टांगेवाल्यावरचा त्यांचा राग दिसतो. पोटासाठी हलकं काम करणारा माणूससुद्धा स्वतःला बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा वरचा समजतो, हे ते रोखठोक मांडतात. पण ते तिथं थांबत नाहीत. आपल्या माणसांविषयीही दोन शब्द लिहितात. पाहुण्याच्या मानापेक्षा पाहुण्याचा जीव मोठा, हे ह्या लोकांच्या ध्यानात आलं नाही, असा त्यांचा भाव आहे. आणि हाकणाऱ्याबद्दल ते लिहितात की, पुढं गेल्यावर त्याला जबाबदारी कळली, तो घाबरला आणि त्यानं ताबाच सोडून दिला.

मित्रहो, हे बाबासाहेबांनी आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं. जयजयकार करणाऱ्यांबद्दल लिहिलं. म्हणून ते आपण जास्त लक्ष देऊन वाचलं पाहिजे.

२

हा माणूस 'ह्यात काय आहे' असं का म्हणाला? त्याला येत का नव्हतं? त्याचं उत्तर त्या एका दिवसात नाही. मागं जावं लागतं.

१९०१ साली बाबासाहेब दहा वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत पोरं वडिलांकडं निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. बैलगाडीवाल्यांना कळलं की ही महाराची पोरं, तेव्हा एकही गाडीवान तयार होईना. पोरं दुप्पट भाडं द्यायला तयार झाली तरी कोणी हलेना. तेव्हा स्टेशनमास्तरनं विचारलं, तुम्हांला गाडी हाकता येते का? पोरं म्हणाली, येते. मग एक जण कबूल झाला. भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं पायी चालणार.

म्हणजे पाहा, १९०१ आणि १९२९. मधे अठ्ठावीस वर्षं. दहा वर्षांचं पोर एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी., बॅरिस्टर होऊन आलं. तडजोड तीच राहिली. गाडी घ्या, पैसे द्या, हाकणारा तुमचा.

आता आपल्या वऱ्हाडाकडं या. बंडी, दमणी, खासर हे शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी होते, पण बंडी फार थोड्यांच्या दारी होती. गावकामगार महाराची जागा गाडीत नव्हती. साहेबाच्या घोड्यापुढं, गाडीपुढं धावायचं, सामान डोक्यावर घ्यायचं, सांगावा पोचवायचा. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं बिल मांडलं, ते ह्या धावण्यातून माणूस मोकळा व्हावा म्हणून. चाळीसगावचा टांगा त्याच्या दुसऱ्याच वर्षीचा. ज्या जमातीला पिढ्यान् पिढ्या गाडीपुढं धावायला लावलं, त्या जमातीच्या माणसाच्या हातात एका दुपारी लगाम दिला आणि म्हटलं, हाक. तो काय हाकणार?

आणि मागं घेणं? बैल पुढं ओढतो. रिकामी बंडी तो दोन पावलं मागं सरकवेल, पण सरकी-कापसानं भरलेली बंडी अडचणीत शिरली तर बैल सोडावे लागतात, धुरी धरावी लागते आणि माणसांनी चाकाला खांदा लावून ती मागं रेटावी लागते. ते खांदे कोणाचे होते? इंजिन यायच्या आधी गावगाड्याला रिव्हर्स गिअर होता, तो आपल्या खांद्यांचा होता.

३

आता माझा गुन्हा सांगतो.

माझं शिक्षण पातूरला झालं. अकोल्याहून दक्षिणेकडं निघालं की डोंगराच्या पायथ्याशी पातूर लागतं. पुढं घाट, मग मेडशी, मालेगाव, वाशीम. गावाला रेल्वे नाही. डोंगरात कोरलेल्या जुन्या लेण्या आहेत, आणि माल यायचा तो आधी बंड्यांनी, मग ट्रकांनी आणि ट्रॅक्टरांनी. आज तिथून १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो, अठरा-अठरा, बावीस-बावीस चाकांचे ट्रेलर घाट चढतात. मी सांगतो ती गोष्ट त्याच्या फार आधीची, पातूरच्या बाजूच्या एका खेड्यातली.

चौदा एप्रिल होता. मिरवणुकीसाठी गावातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली भाड्यानं घेतली. भाडं आगाऊ दिलं. ट्रॉली धुतली, निळे झेंडे लावले, मधे बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, कडेला लहान पोरी पांढऱ्या साड्या नेसून. निघायच्या वेळी निरोप आला की ट्रॅक्टर घेऊन जा, पण आमचा डायव्हर तुमच्या वस्तीत येणार नाही.

तेव्हा मी चाळीसगावची गोष्ट वाचलेली नव्हती. मी अठरा वर्षांचा, लायसन नाही. वखरणीच्या वेळी शेतात मोकळा ट्रॅक्टर पुढं चालवलेला, तेवढंच माझं भांडवल. सगळे म्हणाले, आता कसं? मी म्हटलं, ह्यात काय आहे?

अक्षर न् अक्षर तेच शब्द. मी शपथेवर सांगतो.

पुढं पुढं सगळं ठीक गेलं. लोक नाचत होते, गुलाल नव्हे निळ उडत होती, मी स्टेरिंगवर छाती काढून बसलो होतो. मग मिरवणूक वस्तीतल्या एका बोळीत शिरली. बोळीच्या टोकाला पेंडॉल घातलेला. पुढं वाट नाही. ट्रॉली मागं घ्यायची होती.

मी मान वळवली, रिव्हर्स टाकला, आणि मोटारीचं मागं घेताना करतात तसं, ट्रॉली उजवीकडं जावी म्हणून स्टेरिंग उजवीकडं कापलं. ट्रॉली डावीकडं गेली. मी आणखी उजवीकडं कापलं. ती आणखी डावीकडं. पोरी किंचाळल्या. मी ब्रेक मारला. पण ट्रॅक्टरला डाव्या चाकाचं आणि उजव्या चाकाचं ब्रेक-पेडल वेगळं असतं. शेतात ते सुटं ठेवतात, रस्त्यावर पट्टीनं जोडून घ्यायचं असतं. ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझा पाय एकाच पेडलवर पडला. ट्रॅक्टर जागच्या जागी फिरला आणि ट्रॉलीचा फाळका भिंतीला जाऊन लागला. भिंत आणि फाळक्याच्या मधे वस्तीतला एक म्हातारा उभा होता. त्याच्या पायाचं हाड मोडलं.

मग मी काय केलं? मी स्टेरिंग सोडून उतरलो आणि रडत उभा राहिलो. तोही ताबाच सोडून देणं झालं.

चार दिवसांनी मी अकोल्याच्या दवाखान्यात म्हाताऱ्याला भेटायला गेलो. वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "पुढच्या साली तूच आणजो गाडी. पन शिकून आणजो."

४

शिकवलं माझ्या मामानं. मामा ट्रकवर डायव्हर होता. त्याची डायव्हरकी कशी झाली ती सांगण्यासारखी आहे, कारण आपल्यातल्या त्या पिढीच्या कितीतरी डायव्हरांचं विद्यापीठ तेच होतं.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या, ट्रॉल्यांच्या, ट्रकांच्या लायनी लागायच्या. मामा त्या लायनीत क्लीनर होता. क्लीनर म्हणजे काच पुसणारा, टायरात हवा पाहणारा, ट्रकाखाली झोपणारा, आणि गाडी मागं घेताना मागं उभा राहून ओरडणारा. येऊ द्या, येऊ द्या, डावी काटा, उजवी काटा, बस! वर्षानुवर्षं तो मागं उभा राहिला. स्टेरिंगला हात लावू देत नव्हते. पण मागची बाजू त्याच्याइतकी कोणी पाहिली नव्हती. सांधा कुठं मोडतो, टायर कुठं घासतं, माल कोणत्या बाजूला कलतो, सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. एके दिवशी हात मिळाला तेव्हा फक्त तो डोळ्यांशी जोडायचा राहिला होता.

मामानं मला सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या खळ्यात नेलं. दोन चाकी रिकामी ट्रॉली. चार वाळूची पोती उभी करून त्यानं दार केलं आणि म्हणाला, "पाह्य भाश्या, समोर तं सगळेच जातेत. मांगं घेते तो डायव्हर."

त्यानं जे शिकवलं ते इथं लिहितो. ही विद्या कोणी बापजाद्यांच्या पेटीत बंद करून ठेवू नये.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे एक पिन असते, त्या पिनेवर ट्रॉली फिरते. पुढं जाताना ट्रॅक्टर ओढतो, ट्रॉली मुकाट मागं येते. मागं जाताना ट्रॅक्टर ट्रॉलीला ढकलतो. ट्रॅक्टरचं बूड उजवीकडं गेलं की ट्रॉलीची दांडी उजवीकडं ढकलली जाते आणि ट्रॉलीचं बूड डावीकडं जातं. म्हणून ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेरिंग उजवीकडं. सगळं उलटं. हे डोक्यात ठेवून गोंधळ होतो. मामाची युक्ती सोपी होती. "हात स्टेरिंगच्या खाल्लाकडं ठेव, घड्याळात सहा वाजते तिथं. ट्रॉलीचं बूड ज्या अंगाले पाह्यजे, हात त्या अंगाले ने." खालून धरलं की हात डावीकडं जाताना स्टेरिंग आपोआप उजवीकडं फिरतं. उलट्याचं सुलट होतं.

दुसरी गोष्ट. ट्रॉली वळायला लागली की तसंच धरून बसायचं नाही. लगेच स्टेरिंग परत आणून ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या मागोमाग न्यायचं. नाही तर सांध्यातला कोन वाढत जातो आणि दोघं कात्रीच्या पात्यांसारखे मिटतात. एकदा कोन फार झाला की मागं जाता जाता तो कितीही कापून सुधरत नाही. दांडी वाकते, टायर घासतं, ट्रॉली उलटते. तेव्हा एकच उपाय असतो. थांबायचं, पहिला गिअर टाकायचा, पुढं जाऊन सरळ करायचं आणि पुन्हा मागं घ्यायचं. मी लाजेनं पुढं घेत नव्हतो. बांधावर बसलेली पोरं हसत होती. मामा म्हणाला, "हासू दे. पुढं घेऊन सरळ केलं तं इज्जत जात नाही. भितीले लावलं तं जाते."

तिसरी गोष्ट. आखूड ट्रॉली चटकन वळते, लांब ट्रॉली सावकाश. म्हणून लांब ट्रेलर दिसायला अक्राळविक्राळ, पण मागं घ्यायला आखूड ट्रॉलीपेक्षा समजूतदार. चार चाकी ट्रॉलीचं मात्र निराळं. तिच्या पुढच्या चाकांचा सांगाडा स्वतंत्र फिरतो, म्हणजे सांधे दोन झाले. एका सांध्याची चूक दुसरा वाढवतो. दोन चाकीवर हात बसल्याशिवाय तिच्या नादी लागू नये.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आधी खाली उतरायचं. मागं चालत जाऊन पाहायचं की कोण आहे, काय आहे, नाली कुठं आहे, तार किती खाली आहे. मागं सांगणारा माणूस एकच, आणि तो आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की ब्रेक. भिंत आणि गाडीच्या मधे कोणीही नाही. दोन्ही ब्रेक-पेडल जोडलेले.

पहिले आठ दिवस मी पोती पाडली. पंधराव्या दिवशी ट्रॉली पोत्यांमधून सरळ मागं गेली. मामा काही बोलला नाही, त्यानं पोती एकेक हात जवळ आणली.

५

आता पुन्हा इतिहासाकडं. कारण मामासारखा मामा प्रत्येकाला नसतो, आणि बाबासाहेबांनी ही गोष्ट मामाच्या भरवशावर सोडलेली नव्हती.

ज्या स्टार्ट समितीच्या कामावर असताना पाय मोडला, तिचा अहवाल १९३० साली आला. त्यात वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या आहेत, त्या सगळे सांगतात. पण कारखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवारी करणाऱ्या आपल्या पोरांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशीही शिफारस आहे, ती कोणी सांगत नाही. बी. ए. होणं जितकं मोलाचं, तितकंच यंत्राला हात लावणं मोलाचं, हे तिथं कागदावर आलं.

पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. लढाईच्या काळातली तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडं होती. १९४५ साली त्याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचं संचालनालय उभं राहिलं. सेवायोजन कचेऱ्या त्यातून आल्या, आणि १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेनं आजच्या आय. टी. आय. ची घडी बसवली. डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे ट्रेड आपली पोरं घेतात, तेव्हा ती कुठल्या वाटेनं आली हे त्यांना ठाऊक असावं.

आणि आजची गोष्ट? आज टांगा भाड्यानं आणायची गरज नाही असं कागदावर आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर द्यायची राज्य सरकारची योजना २०१२ साली निघाली. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, १० टक्के गटाचा हिस्सा. गटात किमान ८० टक्के माणसं आपली असली पाहिजेत, अध्यक्ष आणि सचिव आपलेच पाहिजेत. योजना चांगली आहे. मी तिच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही.

पण आमच्या बाजूच्या एका गटाचं काय झालं ते पाहा. ट्रॅक्टर आला. हार घातला, फोटो काढले. गटातल्या एकालाही ट्रॉली मागं घेता येत नव्हती. म्हणून गावातलाच दुसऱ्या समाजाचा डायव्हर ठेवला. महिनाभरात ट्रॅक्टर त्याच्या मालकाच्या गोठ्यात उभा राहायला लागला, "तिथं सावली आहे" म्हणून. वर्षभरात आपली माणसं आपल्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रोजानं माल भरायला लागली. कागदावर अध्यक्ष आपला, चावी त्याच्या खिशात.

चाळीसगावला गाडी त्यांची होती आणि हाकणारा आपला, न शिकलेला. इथं गाडी आपली आणि हाकणारा त्यांचा. दोन्ही ठिकाणी पाय आपलाच मोडला. मामाची गोष्ट तिसरी. त्याला हाकायला उत्तम येत होतं, पण जन्मभर ट्रक दुसऱ्याचा हाकला. गाडी आणि हात, दोन्ही आपले असल्याशिवाय हे सुटत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी तुरुंग भरले. ट्रॅक्टर फिरवायला आधी जमीन लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. पण जमीन आली, ट्रॅक्टर आला, आणि हात आला नाही, तर चावी परत जुन्या वाड्यात जाते.

६

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. हे भाषण समजू नका, कामाची यादी समजा.

लायसन काढा. अठरा वर्षं झाली की शिकाऊ लायसन मिळतं, मालवाहू गाडीच्या लायसनसाठी वीस वर्षं लागतात. आठवी पास असल्याशिवाय मालवाहू गाडीचं लायसन नाही, अशी अट मधे होती. शाळा सुटलेली आपली किती पोरं त्या अटीनं क्लीनरचे क्लीनर राहिली. २०१९ साली ती अट निघाली. हे वस्तीत जाऊन सांगा. कित्येकांना अजून ठाऊक नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परीक्षेची जी कलमं आहेत, त्यांत गाडी मागं घेऊन अरुंद जागेत नीट घालता आली पाहिजे, असं स्पष्ट आहे. म्हणजे मागं घेणं हा छंद नाही, कायद्यानं विचारलेला प्रश्न आहे. पैसे चारून त्या प्रश्नातून सुटू नका. ज्यानं पैसे चारून लायसन घेतलं, त्यानं 'ह्यात काय आहे' म्हटलं.

पोरींना शिकवा. बचत गट बहुतेक बायांचे आहेत. स्टेरिंग पुरुषाच्या हातात ठेवून गट बाईचा म्हणणं हे चाळीसगावचंच दुसरं रूप आहे.

आणि जयंतीच्या दिवशी, सहा डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ट्रॉलीत लेकरं-म्हातारी भरू नका. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं कायदा सांगतो. कायदा नसता तरी बाबासाहेबांचा मोडलेला पाय सांगतो. जीव आधी, मान मागून. ज्याचा जीव राखला त्याचाच मान राखता येतो.

त्या म्हाताऱ्याला मी दिलेलं वचन पाळलं. पुढच्या चौदा एप्रिलला ट्रॅक्टर मीच आणला. लायसन खिशात, ट्रॉलीत फक्त फोटो आणि मूर्ती, लेकरं पायी. बोळ तीच, पेंडॉल त्याच जागी. मी उतरलो, मागं जाऊन पाहिलं. भिंतीपासून चांगला दहा हात लांब, काठी टेकत, म्हातारा आरशात दिसेल असा उभा होता. मी वर चढलो, दोन्ही पेडल जोडली आहेत का पाहिलं, हात सहाच्या काट्यावर ठेवला.

म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि ओरडला, "येऊ दे!"